ओळीखाली पुरावा ठेवणारे पंडित : डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

महाभारत माहीत नाही असे मराठी घर आपल्या मॉरिशसमध्ये शोधूनही सापडणार नाही. आजोबांच्या तोंडून ऐकलेली भीमाची गोष्ट, बैठकेत ऐकलेले गीतेचे श्लोक आणि पुढे घरोघर दूरदर्शनवर पाहिलेली मालिका, असे ते पिढ्यानपिढ्या आपल्याकडे येत राहिले. परंतु वाचकहो, आपण ऐकतो ते महाभारत नेमके कोणत्या पोथीतले, हा प्रश्न आपण कधी विचारतो काय? अमुक श्लोक काश्मीरच्या पोथीत आहे की केरळच्या, तो हजार वर्षांपूर्वी होता की मागाहून कोणी घातला, हे कोणी कधी तपासले काय?

हे तपासण्यात एका मराठी विद्वानाने आपल्या आयुष्याची शेवटची अठरा वर्षे घालवली. त्यांचे नाव डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर. संस्कृतच्या अभ्यासकांत त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. आपल्या मुलांना मात्र ते फारसे ठाऊक नाही. आज आपली मुले उच्च माध्यमिक वर्गात आणि विद्यापीठात प्रबंध लिहितात. प्रत्येक माहिती कोठून घेतली ते सांगा, शेवटी ग्रंथसूची जोडा, असे त्यांना सांगितले जाते. पुष्कळांना हे काम जाचाचे वाटते. ते कशासाठी करायचे, हे सुखटणकरांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही नियमावलीवरून कळणार नाही.

गणिताकडून संस्कृताकडे

विष्णु सीताराम सुखटणकर यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले आणि पुढे ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी संस्कृत घेतले नाही, गणित घेतले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गणितात केवळ उत्तर सांगून भागत नाही, त्या उत्तरापर्यंत कसे आलो तेही पायरीपायरीने मांडावे लागते. पायऱ्या दाखवण्याची ही सवय त्यांच्या अंगी जन्मभर राहिली.

केंब्रिजनंतर त्यांचे मन भारतीय विद्येकडे वळले. त्या काळी संस्कृतचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी जर्मनीकडे पाही. सुखटणकर बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. तेथे हाइन्‌रिख ल्यूडर्स हे संस्कृतचे प्राध्यापक होते. ल्यूडर्स यांचा जन्म १८६९ साली ल्यूबेक शहरी झाला होता आणि १९०९ पासून ते बर्लिनला शिकवीत होते. मध्य आशियातील तुर्फान भागातून जर्मन मोहिमांनी आणलेल्या जुन्या हस्तलिखितांचे तुकडे त्या वेळी बर्लिनमध्ये होते. फाटक्या, अर्धवट तुकड्यांवरून ल्यूडर्स यांनी प्राचीन बौद्ध नाटकांचे अवशेष जुळवले आणि १९११ साली प्रसिद्ध केले. तुकड्यावर जेवढे दिसते तेवढेच छापायचे, जे आपण अंदाजाने भरले ते वेगळे दाखवायचे, ही त्यांची शिस्त होती.

जर्मनीची शिस्त

ही शिस्त एकट्या ल्यूडर्स यांची नव्हती. जर्मन विद्यापीठांत ती तीन-चार पिढ्या मुरलेली होती. बर्लिनचेच प्राध्यापक कार्ल लाखमान (१७९३ ते १८५१) यांनी लॅटिन व जुन्या जर्मन ग्रंथांसाठी हस्तलिखिते ताडून पाहण्याची पद्धत बसवली होती. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, दोन प्रतींत एकच चूक असेल तर त्यांचे मूळ एक असावे, असा प्रतींचा वंशवृक्ष लावून मग जुना पाठ ठरवायचा, असे तिचे स्वरूप होते.

संस्कृतच्या क्षेत्रातही जर्मन पंडितांनी हीच कसोटी लावली. ब्योटलिंक आणि रोट या दोघांनी १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत संस्कृतचा सात खंडांचा प्रचंड कोश तयार केला. तो रशियात सेंट पीटर्सबर्गला छापला गेला. त्यात शब्दाचा अर्थ दिला की तो अर्थ कोणत्या ग्रंथात, कोणत्या ठिकाणी सापडतो तेही दिलेले असते. बर्लिनच्या राजग्रंथालयातील संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची आल्ब्रेख्त वेबर यांनी १८५३ साली छापली. पुढे टेओडोर आउफ्रेख्त यांनी निरनिराळ्या सूच्या एकत्र करून, कोणत्या ग्रंथाची प्रत कोठे आहे हे सांगणारी महासूची लाइप्‌त्सिग येथे १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. सूच्यांची सूची करण्यात एका माणसाने आयुष्य वेचावे, हे आपल्याला नवल वाटेल. परंतु त्यामुळेच पुढच्या अभ्यासकाला प्रत कोठे मिळेल ते घरबसल्या कळू लागले.

अशा वातावरणात सुखटणकर तयार झाले. त्यांनी शाकटायन या जैन वैयाकरणाच्या ग्रंथाचा पहिला पाद, यक्षवर्म्याच्या टीकेसह, प्रबंधासाठी घेतला. हा शाकटायन नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी होऊन गेला. १९१४ साली बर्लिन विद्यापीठाचे हे काम पुरे झाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो प्रबंध लाइप्‌त्सिगला छापून निघायला १९२१ साल उजाडले.

आणखी एक धागा येथे सांगितला पाहिजे. महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढावी, ही कल्पना युरोपात आधीच निघाली होती. १८९९ साली रोम येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ यांनी ती मांडली. युरोपातील विद्वत्संस्थांनी ती उचलून धरली आणि नमुना तयार करण्याचे काम ल्यूडर्स यांच्याकडे आले. त्यांनी १९०८ साली आदिपर्वाच्या पहिल्या ६७ श्लोकांचा छापील नमुना काढला. त्यासाठी २९ हस्तलिखिते पाहिली होती आणि तो नमुना १८ पानांचा झाला. ६७ श्लोकांना १८ पाने लागतात, कारण वर श्लोक आणि खाली त्याचे सगळे पाठभेद. युद्धामुळे ही योजना तेथेच थांबली. जे काम गुरूच्या हातून नमुन्यापुरतेच झाले, ते पुढे शिष्याच्या हाती पुण्यात यायचे होते.

शिलालेख आणि भासाची नाटके

भारतात परतल्यावर सुखटणकरांनी काही वर्षे पुरातत्त्व खात्यात काम केले. ताम्रपट आणि शिलालेख वाचून ते प्रसिद्ध करणे हे त्यांचे काम होते. दगडावर अक्षर झिजले असेल तर झिजले असेच लिहावे लागते. वाचता येत नाही तेथे आपल्या मनाचे घालता येत नाही.

मग त्यांनी भासाच्या नाटकांचा प्रश्न हाती घेतला. त्रिवेंद्रमला गणपति शास्त्री यांनी १९१२ पासून तेरा संस्कृत नाटके प्रसिद्ध केली आणि ती कालिदासापूर्वीच्या भास कवीची आहेत असे प्रतिपादन केले. विद्वानांत मोठा वाद माजला. सुखटणकरांनी कोणाचीही बाजू घाईने घेतली नाही. १९२० पासून त्यांनी या नाटकांवर लेखमाला लिहिली. एका नाटकातील कोणती ओळ दुसऱ्या नाटकात येते, प्राकृत भाषेची रूपे कोणत्या काळची दिसतात, हे त्यांनी एकेक करून मांडले. भासाविषयी तोवर कोणी, कोठे, काय लिहिले होते याची सूचीही त्यांनी लेखमालेतच दिली. वादात शिरण्याआधी आपल्यापूर्वी कोण काय बोलून गेले ते पाहावे आणि वाचकालाही दाखवावे, हा त्यामागचा विचार. ग्रंथसूचीचे पहिले प्रयोजन हेच होय. स्वप्नवासवदत्त या नाटकाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १९२३ साली प्रसिद्ध झाले.

पुण्यातील महायज्ञ

थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह या संस्थेच्या हवाली करण्यात आला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताची आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्या काळचे लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, याची वाचकांनी कल्पना करावी. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कार्याचा आरंभ झाला. १९२३ साली उटगीकर यांनी विराटपर्वाची नमुना आवृत्ती काढून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली. १९२५ साली सुखटणकर प्रमुख संपादक झाले.

तोवर छापील महाभारत नव्हते असे नाही. कलकत्त्याच्या पहिल्या छापील आवृत्तीचा पहिला खंड १८३४ साली निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २ तारखेला कलकत्त्याहून निघालेले ॲटलास जहाज गिरमिटी मजुरांना घेऊन आपल्या बेटाला लागले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातही नीलकंठाच्या टीकेसह महाभारत छापले गेले. हे नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकात ते काशीला राहिले. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून आपली प्रत तयार केली आणि तीच पुढे सर्वत्र पसरली. नीलकंठांचे पांडित्य थोर होते. परंतु प्रत्येक ओळीखाली ती कोणत्या पोथीतून आली हे नोंदण्याची रीत त्या काळी नव्हती. त्यामुळे वाचकाला ते महाभारत विश्वासावरच घ्यावे लागे.

पोथ्या एकमेकींहून किती निराळ्या असतात, हे आपल्याला आपल्या अनुभवावरून कळेल. एकच झाकरीचे गाणे दोन गावांत ऐकले तर शब्द थोडे बदललेले असतात. एका ठिकाणी एक कडवे अधिक, दुसरीकडे एक कमी. प्रत्येक गावाला आपलेच खरे वाटते. महाभारताचे तसेच झाले होते, फक्त गावांच्या जागी काश्मीर, नेपाळ, बंगाल, महाराष्ट्र, आंध्र, तामिळ प्रदेश आणि केरळ होते.

काम कसे चाले

आदिपर्व सुखटणकरांनी स्वतः संपादित केले. या एकाच पर्वाच्या २३५ पोथ्यांची त्यांनी नोंद केली. त्यांपैकी १०७ देवनागरीत, ३२ बंगाली लिपीत, ३१ ग्रंथ लिपीत, २८ तेलुगू, २६ मलयाळम, ५ नेपाळी, ३ काश्मीरच्या शारदा लिपीत आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी यांत प्रत्येकी एक. यांतून सुमारे साठ पोथ्या त्यांनी ताडून पाहण्यासाठी निवडल्या. उरलेल्या का सोडल्या हेही सांगितले. बंगालच्या पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात चाले, दक्षिणेच्या काही पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महालात.

काम असे चाले. आडव्याउभ्या रेघा मारलेल्या मोठ्या कागदावर प्रचलित प्रतीतील श्लोक अक्षर अक्षर सुटे करून चौकटींत लिहायचा. त्याखाली प्रत्येक पोथीला एकेक ओळ. पोथीतले अक्षर निराळे असेल तर ते नेमके त्याच अक्षराखालच्या चौकटीत लिहायचे. अशा रीतीने एका दृष्टिक्षेपात कळे की काश्मीर काय म्हणते आणि केरळ काय म्हणते.

आता पाठ कसा ठरवायचा? बहुमताने नव्हे. शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील तर त्या शंभरांची साक्ष एकीचीच होय. उलट काश्मीरची एक पोथी आणि केरळची एक पोथी, ज्यांची एकमेकींशी गाठ पडलेली नाही, त्या दोघी जर एकच शब्द सांगत असतील तर तो शब्द जुना मानावा. कोर्टात साक्षीदार किती आले यापेक्षा ते एकमेकांचे सांगितलेले बोलत नाहीत ना, हे पाहतात. तसेच हे.

प्रत्येक पोथीला एक खूण दिलेली असे. शारदेला श, बंगालीला ब, तेलुगूला त, मलयाळमला म, अशा धर्तीची अक्षरे आणि पुढे क्रमांक. पानाच्या वरच्या भागात ठरवलेला श्लोक, खाली बारीक अक्षरांत पाठभेद आणि प्रत्येक पाठभेदापुढे पोथीची खूण. जो शब्द ठरवताना संपादकाला पुरती खात्री वाटली नाही, त्याखाली नागमोडी रेघ. म्हणजे आपली शंकाही त्यांनी लपवली नाही.

खूण नुसती देऊन भागत नाही, ती कशाची हेही सांगावे लागते. प्रस्तावनेत प्रत्येक पोथीची ओळख दिलेली आहे. ती कोणत्या संग्रहात आहे, तिचा क्रमांक काय, पाने किती, लिपी कोणती, कधी नकलली, कोठे फाटली आहे, हे सर्व. काश्मीरची भूर्जपत्रावरील शारदा पोथी घ्या. ती मुंबई सरकारच्या संग्रहातील, १८७५-७६ सालच्या खरेदीतील, क्रमांक १५९ ची. ही पोथी ब्यूलर यांच्या काश्मीरच्या दौऱ्यात मिळाली. गेओर्ग ब्यूलर हे जर्मनीतील हानोव्हर प्रदेशात जन्मलेले, ग्योटिंगेनला शिकलेले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारे विद्वान होते. त्यांनी क्रमांक घालून नोंद ठेवली म्हणून पन्नास वर्षांनी सुखटणकरांना ती पोथी निश्चितपणे दाखवता आली. एकाची नीट ठेवलेली नोंद दुसऱ्याच्या कशी उपयोगी पडते ते यावरून दिसते.

गणपतीच्या कथेचे काय झाले

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. व्यासांनी महाभारत सांगितले आणि श्रीगणेशाने ते लिहून घेतले, ही कथा आपल्याला प्राणाहून प्रिय आहे. लेखणी थांबता कामा नये अशी गणपतीची अट आणि अर्थ कळल्यावाचून लिहू नये अशी व्यासांची अट, हे आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. मॉरिशसच्या मराठी माणसाचा सर्वांत मोठा सण गणेश चतुर्थी. तेव्हा ही कथा म्हणजे आपल्या घरचीच.

परंतु पोथ्या ताडून पाहिल्या तेव्हा असे दिसले की अनेक प्रदेशांच्या पोथ्यांत ही कथा नाहीच. विंटरनिट्झ यांनीही १८९८ साली दक्षिणेच्या पोथ्यांवरून हे दाखवले होते. सुखटणकर स्वतः मराठी. ज्या महाराष्ट्रात घरोघर गणपति बसतो तेथेच बसून ते हे काम करीत होते. त्यांनी काय करावे? कथा लाडकी आहे म्हणून मूळ पाठात ठेवावी, तर काश्मीरच्या आणि दक्षिणेच्या साक्षीशी बेइमानी होते. मागाहूनची आहे म्हणून काढून टाकावी, तर ज्यांनी शतकानुशतके ती जपली त्यांच्यावर अन्याय होतो.

त्यांनी ती मूळ पाठातून काढली आणि परिशिष्टात जशीच्या तशी छापली, कोणत्या पोथ्यांत ती आहे त्या पोथ्यांच्या खुणांसह. नेमका हाच नियम त्यांनी सर्वत्र पाळला. स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो आणि द्रौपदी त्याला नाकारते, ही प्रसिद्ध ओळही त्यांच्या पाठात वर नाही. ती खाली तळटीपेत आहे, तारा काढून क्रमांक घातलेली आणि ज्या मोजक्या पोथ्यांत सापडते त्यांची नावे घेऊन.

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. संशोधकांनी गणपतीची कथा खोटी ठरवली, असे कोणी म्हणतात. तसे मुळीच नाही. कथा खरी की खोटी हा प्रश्न सुखटणकरांनी विचारलाच नाही. ती कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. श्रद्धेला त्यामुळे धक्का बसत नाही. गणपतीची पूजा आपण पुराव्यावरून करीत नाही. परंतु ग्रंथाविषयी बोलताना पुरावा काय तो सांगितलाच पाहिजे. ज्या ओळी त्यांना नंतरच्या वाटल्या त्यांतली एकही त्यांनी टाकून दिली नाही. त्यांचा निर्णय ज्याला पटणार नाही तो तळटीपा आणि परिशिष्टे वाचून आपले मत स्वतः बनवू शकतो. विरोधकाच्या हाती त्यांनी आपल्याविरुद्धची सामग्रीच ठेवली. यापरता प्रामाणिकपणा कोणता?

आक्षेप आणि कौल

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि संपूर्ण पर्व, शंभरावर पानांच्या प्रस्तावनेसह, १९३३ साली. आक्षेप आलेच. फ्रान्सचे श्रेष्ठ पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी सुचवले की जुना पाठ ठरवण्याच्या भानगडीत पडू नये, नीलकंठाची प्रत छापावी आणि खाली पाठभेद द्यावेत. जर्मन विद्वान वाल्टर रूबेन यांनीही पद्धतीविषयी शंका काढल्या. सुखटणकरांनी कोणावर राग धरला नाही. आक्षेप कोणाचा, तो कोठे छापला, त्यात काय म्हटले आहे, हे नीट सांगून त्यांनी मुद्देसूद उत्तरे दिली. आपल्याशी मतभेद असणाऱ्याचेही नाव घेऊन त्याचे म्हणणे खरेपणाने मांडणे, हाही संदर्भ देण्याचाच भाग आहे.

आपण व्यासांचे मूळ शब्द परत मिळवले असा दावाही त्यांनी केला नाही. आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांवरून जितक्या जुन्या रूपापर्यंत जाता येते तितके आपण गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळहून राजगुरु हेमराज पंडित यांच्या संग्रहातील आदिपर्वाची एक फार जुनी पोथी त्यांच्या पाहण्यात आली. आवृत्ती करताना ती त्यांच्यासमोर नव्हती. तिने त्यांनी ठरवलेल्या पाठाला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. त्यांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. पायऱ्या बरोबर असल्या की न पाहिलेला साक्षीदारही तेच सांगतो. गणिताच्या विद्यार्थ्याला याहून मोठे समाधान काय असणार!

याच काळात त्यांनी भृगुकुळ आणि महाभारत यांवर एक मोठा निबंध लिहिला. भृगुवंशातील ऋषींच्या कथा महाभारतात कोठे कोठे येतात, त्या सर्व जागा त्यांनी पर्व, अध्याय, श्लोक देऊन गोळा केल्या आणि मगच आपले अनुमान मांडले. १९४२ साली आरण्यकपर्व, ज्याला आपण वनपर्व म्हणतो, त्यांच्याच संपादनाने पूर्ण झाले.

अखेर आणि पुढचा वारसा

जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थाविषयी त्यांची चार व्याख्याने ठरली होती. आयुष्यभर अक्षरे ताडून पाहणारा हा पंडित आता ग्रंथाच्या गाभ्याविषयी बोलणार होता. तीन व्याख्याने झाली. चौथे व्हायचे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५ वर्षांचे. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीत त्यांचे गुरु ल्यूडर्स हेही गेले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. गुरु आणि शिष्य एकमेकांशी लढणाऱ्या दोन बाजूंच्या देशांत होते, पण दोघांचे काम एकाच जातीचे होते. सुखटणकरांची ती व्याख्याने पुढे १९५७ साली पुस्तकरूपाने आली.

सुखटणकर गेले म्हणून काम थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले. सभापर्व तर अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या उपस्थितीत अठराही पर्वे पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १९ खंड आणि त्यांसाठी तपासलेल्या १२५९ पोथ्या. एक माणूस गेल्यावर दुसऱ्याला काम उचलता आले, कारण पहिल्याने प्रत्येक पायरी नोंदून ठेवली होती. सगळे एकाच्या डोक्यात असते तर ते त्याच्याबरोबर गेले असते.

आपल्या मुलांसाठी

वाचकहो, आता आपल्याकडे पाहू. आपल्या मुलाला वहीत एखादी माहिती लिहायची असते तेव्हा त्याने चार गोष्टी टिपाव्या. लेखक कोण, पुस्तकाचे नाव काय, ते कोठे व कोणत्या साली छापले, आणि माहिती कोणत्या पानावर आहे. शेवटी सर्व पुस्तकांची यादी लेखकांच्या आडनावांच्या अनुक्रमाने लावावी. स्वल्पविराम कोठे, कंस कोठे, हे प्रत्येक शिक्षणसंस्थेचे निराळे असते. जी पद्धत सांगितली असेल ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखी ठेवावी म्हणजे झाले. ही टिपणे पुस्तक हातात असतानाच करावी. पुस्तक वाचनालयात परत गेल्यावर पान शोधणे फार कठीण जाते. जे पुस्तक आपण स्वतः पाहिले नाही, दुसऱ्याच्या लेखात वाचले, ते पाहिल्यासारखे दाखवू नये. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव घ्यावे. दोन पुस्तकांत दोन निराळ्या तारखा सापडल्या तर सोईची तेवढी ठेवून दुसरी गाळू नये. दोन्ही द्याव्या आणि आपल्याला कोणती पटते, का पटते, ते लिहावे. सुखटणकरांनी पोथ्यांच्या बाबतीत केले ते हेच.

आपल्याकडे याचे आणखी एक कारण आहे. आपले पूर्वज कोकणातून आणि आसपासच्या मुलुखातून येथे आले. त्यांनी ग्रंथ लिहून ठेवले नाहीत. परंतु मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटी मजुरांची दप्तरे जपून ठेवलेली आहेत. तेथे माणसाचा क्रमांक सापडतो, जहाजाचे नाव सापडते, साल सापडते. ज्या घराला आपल्या पणजोबांचा तो क्रमांक ठाऊक आहे, त्याला आपल्या घराण्याची कथा पुराव्यानिशी सांगता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडे आजीने सांगितलेली आठवण असते. ती आठवणही मोलाची आहे. ती टाकू नये, पण आजीने सांगितली असे तिच्यापुढे लिहावे आणि दप्तरातली नोंद वेगळी लिहावी.

आज फोनवर रोज शंभर वाक्ये येतात आणि ती कोणाची हे कोणी विचारीत नाही. थोर पुरुषांच्या नावावर न बोललेली वचने खपतात. अशा वेळी एखाद्या मुलाने घरी येऊन, हे कोठे लिहिले आहे, असा प्रश्न विचारला तर त्याला उद्धट समजू नका. त्याला सोबत घ्या, पुस्तक उघडा आणि पान दाखवा. पान सापडले नाही तर दोघे मिळून शोधा.